मनकर्णाअक्कांचे रविवार

मनकर्णाअक्का गेल्या, तेव्हा धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक बोलले, संस्थेचे चिटणीस बोलले, दोन माजी विद्यार्थिनी रडत रडत बोलल्या. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य फिरून फिरून येत होतं, की अक्का फार क्षमाशील होत्या. कोणी कितीही वाईट वागलं तरी त्यांनी मनात काही ठेवलं नाही.

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. उठून सांगावंसं वाटलं, की हे खरं नाही. अक्का सगळं मनात ठेवत. लुगड्याची घडी घालावी तसं नीट घडी घालून, कोरड्या जागी, कसर लागणार नाही अशा बेतानं ठेवत, आणि वेळ आली की काढत. पण मी उठलो नाही. शोकसभेत असं कोणी बोलत नाही. शिवाय बोललो असतो, तर तुम्हाला कसं ठाऊक, असं लोकांनी विचारलं असतं. त्याचं उत्तर द्यायची हिंमत त्या दिवशी माझ्यात नव्हती. आज थोडी आहे, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी त्या शाळेत लागलो. अक्का तिथं आधीपासून होत्या. पस्तिशी उलटलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. पांढरं पातळ, मोकळं कपाळ. चालणं भरभर आणि बोलणं अगदी सावकाश. उत्तर देण्याआधी पदराला हात पुसायची त्यांना सवय होती, हात कोरडे असले तरी. मुली म्हणत, बाईंनी हात पुसले की समजावं, आता कोणाची तरी धडगत नाही.

आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. त्यांच्या दोन खोल्या, त्यात त्या आणि त्यांच्या सासूबाई. नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी वारला, मूलबाळ नाही. सासूबाईंना गल्ली माय म्हणे. त्यांचं डावं अंग अर्धांगवायूनं गेलेलं. तोंड मात्र पूर्ण शाबूत होतं. शिरपूरकडच्या खेड्यातली बाई, बोलणं सगळं अहिराणी, आणि खाटेवर पडल्या पडल्या गल्लीत कोण आलं कोण गेलं हे पावलांवरून ओळखायची.

अक्कांच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूनं काळा रंग दिलेला होता. त्यावर खडूनं दिवसभराची कामं लिहिलेली असत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय चुकलं ते जरा वेळानं लक्षात आलं. त्यात एकही वेळ लिहिलेली नव्हती. लिहिलं होतं ते असं: माय जागी झाली की चूळ, चहा, कूस. नळ आला की आधी पिण्याचं, मग धुणं. चूल पेटली की डाळ पहिली, भाकरी शेवटी. माय झोपली की वह्या. आणि सगळ्यांत खाली एक रिकामा चौकोन, त्यात काहीच नाही.

मी विचारलं, किती वाजता काय, हे कुठं आहे?

अक्का म्हणाल्या, “घड्याळ माझ्या घरात राहत नाही, दामूभाऊ. माय राहते. मग दिवस कोणाला विचारून लावायचा?”

आणि तो चौकोन? तो, म्हणाल्या, आज जे बिघडेल त्याच्यासाठी. रोज काहीतरी बिघडतं. त्याला जागा ठेवली नाही तर ते दुसऱ्याच्या जागेत जाऊन बसतं. एखाद्या दिवशी काही बिघडलंच नाही, तर तेवढा वेळ माझा.

तो वेळ त्या कशात घालवत, हे गल्लीला माहीत होतं. बाकीच्या बायका अशा वेळी वाती वळत. अक्का कोणाचं तरी उट्टं काढत.

नळाची गोष्ट सांगतो. गल्लीत एकच नळ, आणि त्याच्यासमोर राहणारी एक बाई, गंगूबाई म्हणू. तिच्या हाताशी दोन धडधाकट सुना. अक्का शाळेच्या घाईत हंडा रांगेत ठेवून माय काय म्हणते ते पाहायला घरात गेल्या, की ही बाई तो उचलून मागं ठेवायची. विचारलं तर म्हणायची, मला काय ठाऊक कोणाचा हंडा. असं महिनाभर चाललं. अक्का भांडल्या नाहीत. एका रविवारी त्या घरोघर गेल्या आणि प्रत्येकीला इतकंच विचारलं, तुझ्या घरात पाण्याची घाई कोणाला? तान्हं मूल आहे का? आजारी माणूस? गिरणीची पहिली पाळी? सगळ्या बोलल्या. मग अक्कांनी नळाच्या भिंतीवर क्रम लिहिला. तान्ह्या बाळाचं घर पहिलं, आजाऱ्याचं दुसरं, पहिल्या पाळीवाल्याचं तिसरं, असं करत करत गंगूबाईचं घर आपोआप शेवटी गेलं. कोणाला त्यात खोट काढता येईना. सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे त्याला पहिली संमती गंगूबाईच्या दोन्ही सुनांनी दिली. शेवटचा नंबर म्हटल्यावर त्यांना सकाळी तासभर जास्त झोपायला मिळणार होतं. गंगूबाई पुढची दोन-तीन वर्षं रोज सकाळी रिकामा हंडा घेऊन उभी राहिली. माय खाटेवरून ओरडून विचारायची, “गंगू, पानी उनं का वं?”

शाळेतही असंच. गणिताचे एक जुने शिक्षक होते. अक्का उशिरा आल्या की ते शिक्षकांच्या खोलीत म्हणत, बायकांना घड्याळ कळत नाही, त्यांचा दोष नाही. अक्का ऐकून घेत. चार महिन्यांनी स्नेहसंमेलन आलं. कार्यक्रमाची व्यवस्था अक्कांकडे. या मास्तरांचं भाषण दहा मिनिटांचं होतं आणि ते नेहमी पाऊण तास बोलत. दहा मिनिटं झाली, मास्तर नुकते मूळ मुद्द्याकडे वळत होते, आणि अक्कांनी शाळेची मोठी घंटा दिली. एकदा नाही, शाळा सुटताना देतात तशी. चारशे मुली सवयीनं उठल्या आणि दाराकडे निघाल्या. त्या गोंधळात अक्का मास्तरांजवळ गेल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “कळतं, सर. थोडं थोडं कळतं.”

आम्ही सगळे आठवडाभर हसत होतो. मीही हसलो. आपल्यावर कधी अशी पाळी येईल, असं तेव्हा कोणालाच वाटत नाही.

अक्कांचं उशिरा येणं हा काही चोरीचा मामला नव्हता. जुन्या हेडमास्तरांशी त्यांचं तोंडी ठरलेलं होतं. माय रात्रीची तळमळली असेल, सकाळी तिला सावरायला वेळ लागला, तर अक्कांनी प्रार्थना आणि पहिला तास सोडून यायचं. त्याच्या बदल्यात शाळा सुटल्यावर सातवीच्या कच्च्या मुलींना घेऊन बसायचं. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या दारानं घरी जाऊन मायची कूस बदलून यायचं. खाटेवरच्या माणसाला दोन-तीन तासांनी वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. माय पाच वर्षं खाटेवर होती आणि तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. हे सगळं चाललं होतं ते शाळा घराच्या मागंच होती म्हणून, आणि त्या तोंडी ठरावामुळं. अक्कांचा अख्खा संसार त्या एका सवलतीवर उभा होता. हे मला पूर्ण माहीत होतं. जे केलं ते माहीत असून केलं.

त्या काळात देशाची पहिली पंचवार्षिक योजना निघाली होती आणि आम्हा तरुण शिक्षकांच्या डोक्यात शिस्त शिरली होती. मला मुलगी झाली तेव्हा मी माझ्या घरासाठी वेळापत्रक तयार केलं. लाल आणि निळ्या शाईनं, पट्टीनं रेघा मारून. पाचला उठणे. पाच दहाला अमुक. बाळाचं दूध सहा, नऊ, बारा, तीन. बाजारातून काच लावून आणली आणि ते भिंतीवर टांगलं. माझी बायको सुशीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती ते वेळापत्रक पाळायचा प्रयत्न करी आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून रडे. मला वाटे, सवय होईल.

सुशीलाची आई आणि भाऊ धरणगावहून आले होते. त्या दिवशी अक्का डिंकाचे लाडू घेऊन आल्या. वेळापत्रकासमोर उभ्या राहिल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, हात पुसले आणि मला विचारलं, “दामूभाऊ, यात बाळ रडतं कधी?”

माझ्या सासूबाई हसल्या, मेहुणा हसला. आणि सुशीला हसली. बाळंतपणानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, तेही माझ्यावर. मला आनंद व्हायला हवा होता. माझे कान तापले.

अक्कांनी काच काढायला लावली नाही. पण पुढचे चार दिवस त्या संध्याकाळी येऊन सुशीलाशी बोलत बसल्या, आणि आठवड्याभरात घराचा दिवस बदलला. बाळ झोपलं की सुशीला झोपे. भाकऱ्या मी शाळेतून आल्यावर होऊ लागल्या. पाणी मी भरू लागलो. घरात रडणं थांबलं. हे सगळं माझ्या भल्याचंच होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या वेळापत्रकाच्या काचेवर धूळ साचत होती.

तरीही मी विसरलो असतो. पण अक्कांनी ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली. त्यांना चांगली सांगता येई. त्या म्हणाल्या, दामूभाऊंच्या घरी बाळाला रडायची परवानगी फक्त सुट्टीच्या दिवशी आहे. त्यानंतर सहा महिने मला रोज कोणी ना कोणी विचारत होतं, काय दामोदरराव, आज परवानगी आहे का? शिपाईसुद्धा हसे. गणिताचे मास्तर तर सगळ्यांत जास्त. त्यांना आता जोडीदार मिळाला होता.

मी एक छोटी वही केली. अक्का ज्या दिवशी उशिरा येतील त्या तारखेपुढे लाल टिंब. का करतो आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही. टिंब दिल्यावर दिवस बरा जाई, एवढं खरं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी आमच्या मुलीला झटके आले. डोळे पांढरे झाले, अंग ताठ. सुशीलाच्या हाकेसरशी अक्का धावत आल्या. माय तशीच अर्धी पुसलेली, खाटेवर पडून. त्यांनी बाळाला कुशीवर केलं, कपडे सैल केले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, आणि डॉक्टर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही इथं थांबून काही करू शकत नाही, शाळेत जा, तुमचा पहिला तास मोकळा आहे, माझा घ्या, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही. मी गेलो. मुलींना त्यांचाच धडा शिकवला. कोणाला काही कळलं नाही. अक्का दुसऱ्या तासाला आल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मुलगी बरी होती.

त्या रात्री मी वही उघडली आणि मंगळवारपुढे लाल टिंब दिलं. हाताला सवय झाली होती. दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही. एवढे उपकार झाल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

जूनमध्ये जुने हेडमास्तर निवृत्त झाले आणि नवे आले. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. पंधरा दिवसांत मी संस्थेच्या चिटणिसांना निनावी पत्र लिहिलं. डाव्या हातानं लिहिलं. वर्षभरातल्या साऱ्या तारखा दिल्या. त्यात मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, आणि माझं पाप तिथंच आहे. शाळा सुटल्यावरचे तास, सातवीतून पास झालेल्या कच्च्या मुली, यातलं काही लिहिलं नाही. फक्त तारखा.

चौकशी फार झाली नाही. तोंडी ठरावाचा कागद नव्हता, आणि तो करणारे गृहस्थ पुण्याला मुलाकडे गेले होते. संस्थेनं पारोळ्याला नवी शाळा काढली होती. तिथं कोणी जायला तयार नव्हतं. अक्कांच्या हातात बदलीचा हुकूम पडला.

नव्या हेडमास्तरांनी त्यांना ते पत्र वाचायला दिलं होतं. अक्का ते घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. आम्ही सात-आठ जण होतो. त्या सरळ माझ्यासमोर आल्या, पत्र टेबलावर ठेवलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं. हात पुसले नाहीत.

“फेब्रुवारीतला हा मंगळवार,” त्या म्हणाल्या. “या दिवशी माझा पहिला तास कोणी घेतला होता?”

त्या दिवशी अक्का उशिरा आल्या हे अख्ख्या शाळेत फक्त एका माणसाला ठाऊक होतं. मी नक्कल करताना वहीतली सगळी टिंबं उतरवली होती, माझ्या मुलीचं सुद्धा.

बाकीच्यांना काही समजलं नाही. अक्कांनी पत्राची घडी केली आणि म्हणाल्या, “बरं, मास्तर.”

तोपर्यंत मी दामूभाऊ होतो. त्यानंतर कधीच झालो नाही. त्यांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो. शोकसभेतल्या लोकांसारखीच माझीही समजूत झाली, की बाईंनी माफ केलं.

एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मालमोटारीत खाट चढवून, खाली कापसाची पोती अंथरून, अक्का मायला पारोळ्याला घेऊन गेल्या. गल्ली रडली. गंगूबाईसुद्धा. मी खिडकीतून पाहिलं.

पारोळ्याला त्यांना घर मिळालं ते किल्ल्याकडच्या बाजूला आणि शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या सुट्टीत जाऊन यायला वेळ पुरत नसे. पाणी विहिरीचं. शेजारी चांगले होते, पण दिवसा सगळे शेतात. अक्का साडेदहाला बाहेरून कडी लावून जात आणि साडेपाचला परत येत. सात तास माय एका कुशीवर. पहिल्या पावसाळ्यातच तिच्या पाठीला जखमा झाल्या. हे मला तिकडून आलेल्या एका शिक्षकानं सहज सांगितलं, आमटी वाढावी तसं.

त्याच सुमारास सुशीलाला ती वही सापडली. तिनं पानं उलटली, मंगळवारपाशी थांबली. म्हणाली, “ही तारीख आपल्या लेकीची आहे.” मग बरेच दिवस ती मला जेवायला वाढी, पण समोर बसत नसे. एक दिवस म्हणाली, पारोळ्याला जा. काय बोलायचं ते तिथं बोला, मला सांगू नका.

मी रविवारी सकाळच्या एस.टी.नं गेलो. वाटेत मनात भाषण तयार केलं. अक्का अंगणात वाकळ उन्हात टाकत होत्या. वाळल्या होत्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत, जणू माझी वाटच पाहत होत्या. “या, मास्तर,” म्हणाल्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पत्र, वही, डावा हात. रडलोही. त्या काम करत ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, “सांगून झालं?”

हो म्हणालो.

“मग हात धुऊन या.”

आत मायच्या खाटेपाशी नेऊन त्यांनी मला दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, उचलून वळवायचं. जखमेवर हे तेल. भांडं इथं, फडकी तिथं. मी म्हणालो, किती किती तासांनी? त्या म्हणाल्या, ती कण्हली की. मग कापडी पिशवी घेतली आणि निघून गेल्या. कुठं, केव्हा येणार, काही नाही.

माय डोळे किलकिले करून पाहत होती. “कोन शे रे तू? उजेडमा ये.” मी खिडकीपाशी सरकलो. ती बघत राहिली. “तूच का तो कागद लिखनारा?” मी मान खाली घातली. “तुन्हापायी मन्ही बठ्ठी गल्ली सुटनी,” ती म्हणाली. सगळी गल्ली सुटली होती तिची. मग दिवसभर ती मला बोलत होती. माझ्या आईबापांचा, शाळेचा, डाव्या हाताचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मी पहिल्यांदा तिला वळवलं तेव्हा ती किंचाळली. “मी काय कापूसनं गाठोडं शे का?” मी तिची जखम पाहिली. पाठीच्या खाली, रुपयापेक्षा मोठी, आणि खोल. ती मी केली होती. पुसताना माझ्या अडाणी हातानं तिला जास्त दुखत होतं, आणि ती तसं सांगतही होती.

दिवस उतरल्यावर अक्का आल्या. खाट पाहिली, जखम पाहिली, तेलाची वाटी पाहिली. म्हणाल्या, पुढच्या रविवारी लवकरची गाडी पकडा.

असे मी आठ महिने गेलो. एकही रविवार चुकवला नाही. दिवाळीला गेलो, तापात गेलो. त्या घरी माझ्याशी अक्का कामापलीकडे बोलत नसत. चहा देत, पण समोर बसून पीत नसत. त्या रविवारी कुठं जातात हे मला बऱ्याच उशिरा मायकडून कळलं. शाळेतल्या एका बाईची रिकामी खोली होती. तिथं जाऊन त्या झोपत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नुसत्या झोपत. आठवड्यातून तेवढीच झोप त्यांना सलग मिळत होती.

हळूहळू मला काम येऊ लागलं. मायचं कण्हणं कोणतं कुशीचं, कोणतं तहानेचं आणि कोणतं नुसतं कंटाळ्याचं, हे ओळखू येऊ लागलं. जखम भरत आली. शिव्या कमी झाल्या. ती मला शिरपूरच्या गोष्टी सांगू लागली. तिच्या नवऱ्यानं घोडा विकत घेतला होता आणि तो घोडाच नवऱ्याला घेऊन सासुरवाडीला पळून गेला होता, असली एक होती. सुशीला पुन्हा माझ्यासमोर जेवायला बसू लागली. शनिवारी रात्री ती दुधातल्या दशम्या करून फडक्यात बांधून देई, मायसाठी. एस.टी.त मला गाढ झोप लागे. रविवारी सकाळी मी अंगणात पाऊल टाकलं की आतून आवाज येई, “मास्तर उना का?” आणि मला खरोखर आनंद होई.

एका रविवारी अक्का परत आल्या तेव्हा माय हसत होती आणि मी तिला वळवता वळवता काहीतरी गुणगुणत होतो. माय अक्कांना म्हणाली, “आते याना हात बरा शे.” मी सुखावलो. मला राहवलं नाही. म्हणालो, “अक्का, आता रविवार कधी येतो असं होतं मला. आठवडाभर छातीवर असतं ते इथं आल्यावर उतरतं.”

अक्का पिशवी खुंटीला अडकवत होत्या. त्या थांबल्या. मग पदराला हात पुसले, एक एक बोट, सावकाश.

“पुढच्या रविवारी येऊ नका,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कुठं जायचं असेल. विचारलं, मग त्याच्या पुढच्या?

“त्याच्याही नाही. आता कधीच नाही.”

मी विचारलं, माझं काही चुकलं का? कामात?

“काम चांगलं करता. मायला तुमची सवय झाली आहे. ती आठ दिवस रडेल.” त्या मायकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. “पण तुम्हाला बरं वाटायला लागलं, मास्तर. त्यासाठी नव्हतं बोलावलं मी.”

मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला वाटलं की मी त्यांच्यासाठी बोलतो आहे, की अक्का, तुमची झोप जाईल. रविवारची.

“जाईल,” त्या म्हणाल्या. “ती मी हिशेबात धरली आहे.”

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे विचारायला मी आठ महिने येत होतो हे मलाच त्या क्षणी कळलं. विचारलं, मग माफ केलंत असं समजू?

“नाही,” अक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही, मुलीला गणिताचं उत्तर चुकलं म्हणून सांगावं तसा होता. “घरी जा आणि छातीवर ठेवा ते. जड होऊ दे.”

तेव्हापासून आजपर्यंत मला त्यांचा राग येतो, हेही लिहून ठेवतो. एवढं करून घेतलं, आणि ज्या दिवशी मला जरा हलकं वाटलं त्याच दिवशी दार बंद केलं. मग आठवतं, की माय एका कुशीवर सात सात तास होती. आणि राग कोणावर काढावा ते समजत नाही.

मी चपला घातल्या. माय मागून म्हणत होती, “कोठे जास रे? आते तर उना.” तिच्याकडे वळून पाहायची माझी छाती झाली नाही. अंगण ओलांडून रस्त्यावर आलो आणि तिथं थांबलो. अक्कांनी दार लावलं नव्हतं. मुद्दाम लावलं नव्हतं, असं मला वाटतं. मायची कूस बदलायची राहिली होती. मी अर्ध्यात सोडली होती. अक्कांनी एक गुडघा खाटेच्या कडेला टेकला, पदर खोचला, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. वाळलेल्या अंगाला ते जड जात होतं. पहिल्यांदा जमलं नाही. त्या सरळ झाल्या, कपाळावरचा घाम दंडानं पुसला आणि परत वाकल्या. दुसऱ्यांदा माय वळली. अक्कांनी तिच्या पाठीमागं वाकळेची वळकटी सारली, आणि मग तशाच, खाटेच्या कडेला टेकून, जराशा बसल्या. रस्त्याकडे त्यांची पाठ होती. मी गाडी चुकेपर्यंत तिथं उभा होतो. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.